बोक्याच्या जेवणाची वही

प्रिय ताई,

गुरुवार, ९ ऑक्टोबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. मी ओट्याशी उभा राहून उकडलेल्या कोंबडीचं मांस हाडांपासून सोडवत होतो. वेळ इतकी नक्की सांगता येते, कारण ती वहीत लिहून झाली होती आणि तिच्यापुढे वजनाचा आकडा लिहायचा होता. तो लिहिला गेला नाही. ती ओळ अजून तशीच अर्धी आहे. बोका दारात उभा होता. आपल्या दाराबाहेर एकच पायरी आहे, तुला माहीत आहे, पायरी म्हणावी इतकीही ती उंच नाही. त्याने पुढचे पाय खाली टाकले, मग मागचे, आणि पेन्सिल मोडल्यावर होतो तसा आवाज झाला. मोठा नाही. मला वाटलं माझ्याच हातातलं हाड मोडलं. मी हाताकडे पाहिलं. हाड अख्खं होतं.

आधी हे लिहितो, की बोका जिवंत आहे आणि आत्ता माझ्या पायाशी, वजनकाट्याच्या रिकाम्या खोक्यात झोपलेला आहे. मागच्या उजव्या पायाला प्लास्टर आहे. तो चालेल की नाही हे सहा आठवड्यांनी कळेल. आज रविवार. उद्या सकाळी आमच्या दुकानाचा टेम्पो तुझ्या हॉस्पिटलच्या कोठीत दोन काटे पोचवायला निघणार आहे. पत्र त्या ड्रायव्हरच्या हाती देतो, म्हणजे तुला दुपारच्या सुट्टीत मिळेल. आज संध्याकाळी तुझा फोन येईल तेव्हा मी फक्त बोक्याची तब्येत सांगीन. बाकीचं फोनवर माझ्याच्याने होत नाही, हे गुरुवारीच दिसलं. त्या दिवशी मी तुला जे सांगितलं तसं काही घडलेलं नाही. जे घडलं ते क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मी मध्येच कुठेतरी स्वतःला सोडवून घेईन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

मे महिन्यात तू नर्सिंगच्या कोर्सला निघालीस तेव्हा तो दोन महिन्यांचा होता. होस्टेलवर कुत्रं चालत नाही, म्हणून तू त्याला माझ्या ओंजळीत ठेवलंस. कुत्र्याच्या पोटी जन्मून मांजरासारखा म्यावम्याव करतो म्हणून तूच त्याचं नाव बोका ठेवलं होतंस. भाऊजी गेल्यानंतर तू पहिल्यांदा हसलीस ती हे नाव ठेवताना. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते सतत आठवत असतं. निघताना तू म्हणालीस, याला काही झालं तर मला परत यावंसं वाटणार नाही. तू थट्टेत म्हणालीस. मी ते थट्टेत घेतलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे कंपाउंडरने दारातून हाक मारली, बोका कोण, आणि एक म्हातारे गृहस्थ आपलं मांजर घेऊन उठले. सगळे हसले. मीही हसलो. इतका चांगला दिवस होता तो. डॉक्टर म्हणाले, हा मोठा होणार आहे, हाडापेराने दांडगा, खाण्याकडे लक्ष द्या. मी विचारलं, घरी ताजं शिजवून घातलं तर चालेल का. ते म्हणाले, घालाल तर उत्तमच, पण नीट घातलं तर. मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. कोंबडीचं मांस हाडाशिवाय, इतके भाग. भात इतका. गाजर आणि दुधी भोपळा उकडून. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही. तेवढ्यात बोक्याने माझ्या शर्टावर कार्यभाग उरकला आणि कंपाउंडर मला मागच्या नळावर घेऊन गेला. परत आलो तर कागद घडी घालून तयार होता. कंपाउंडरने तो माझ्या खिशात सरकवला, पैसे घेतले, आणि मी निघालो.

घरी येऊन घडी उलगडली. डॉक्टरांनी दोन ठिकाणी उकार चुकवले होते, ते मी पेन्सिलने दुरुस्त केले. माझी शाळा आठवीत सुटली, पण त्यानंतरही तू मला रोज संध्याकाळी शुद्धलेखन घालायचीस, त्यामुळे चुकलेला उकार दिसला की मला चपलेत खडा आल्यासारखं होतं. मग तो कागद मी ओट्यावरच्या भिंतीच्या फरशीला चिकटवला. साध्या गोंदाने नाही. काट्यांवर आकड्यांच्या पट्ट्या बसवायला दुकानात जो गोंद वापरतो, त्याने. वाफेने सुटू नये, वाऱ्याने उडू नये, कुणी काढून त्यावर दुसरं काही लिहू नये म्हणून. चारी कोपरे आणि मधला भाग दाबून बसवला, वरून ओलं फडकं फिरवलं. मालक म्हणतात ना, तू बसवलेली पट्टी काढायची तर काटा फोडावा लागेल. तसाच बसवला.

मग वही सुरू झाली. रोज पाचला उठायचं, तांदूळ दोनदा धुवायचे, कोंबडी बिनमिठाची उकडायची, मांस सोडवायचं, कुठे बारीकशी काडी राहिली नाही ना हे बोटांनी चाचपायचं, गाजर कुस्करायचं, सगळं हाताला कोमट लागेपर्यंत निववायचं. दुकानातला एक जुना काटा मालकांनी मला मोडीच्या भावात दिला होता, तो मी दुरुस्त करून घरी ठेवला आहे. त्यावर प्रत्येक जिन्नस वेगळा तोलून, आकडा लिहून, मगच त्याच्या ताटलीत. दुकानात सगळे मला मिलिग्रॅम म्हणतात. ते म्हणायचे, मिलिग्रॅम, एक दिवस तुझ्या कुत्र्याला सांग की आम्हाला जेवायला बोलाव. मी स्वतः काय खातो हे त्यांना माहीत होतं. दोन उकडलेली अंडी आणि पाव, तेही उभ्याने. अंड्यांची कवचं मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचो. ताई, रोज दोन. पाच महिने. हे आत्ता का लिहितो ते पुढे कळेल.

आता गुरुवार. आवाज झाला, बोका किंचाळला आणि पायरीवरून घरंगळला. खाली दूधवाल्यांची सायकल भिंतीशी उभी होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या जिन्यापाशी ते पाठमोरे उभे राहून बाटल्या मोजत होते. बोक्याचं अंग सायकलच्या स्टँडला लागलं, स्टँड सुटला आणि सायकल पलीकडे आडवी झाली. दोन बाटल्या फुटल्या. सायकल बोक्याच्या अंगावर पडली नाही. ती पडायच्या आधी तो मोडला होता. मी ओट्यापासून हे सगळं समोर पाहिलं, दार सताड उघडं होतं. दूधवाले वळले तेव्हा त्यांना काय दिसलं असेल, तर आडवी सायकल, सांडलेलं दूध आणि त्यात पडलेलं कुत्रं. ते धावत आले, म्हणाले, अरे देवा, माझ्या हातून काय झालं हे. मी काही बोललो नाही. मी बोक्याला टॉवेलात गुंडाळलं आणि पळालो. हातातली कोंबडी मी तशीच घट्ट धरली होती, हे दवाखान्यात गेल्यावर कंपाउंडरने सांगितलं.

डॉक्टरांनी पायाचा फोटो काढला आणि प्रकाशावर धरला. माणसाच्या हाडांचे फोटो तू रोज बघत असशील. हाडं पांढरी दिसतात, एवढं मलाही ठाऊक आहे. इथे पांढरं काही नव्हतंच. धुरकट होतं सगळं, काचेवर फुंकर मारल्यावर येतं तसं. त्यात मांडीपाशी एक काळी रेघ. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, याला खायला काय घालता. मी वही बरोबर नेली होती. कशी नेली ते आठवत नाही, पण नेली होती. ती पुढे केली. खरं सांगतो ताई, तेवढ्या घाईतही मला थोडा अभिमान वाटला. त्यांनी पानं उलटली. म्हणाले, इतकं व्यवस्थित मी अजून कुणाचं पाहिलं नाही. मग पुन्हा पहिल्या पानावर गेले, बोटाने एकेक रकाना बघत.

"पावडर कुठे लिहिली आहे?"

"कुठली पावडर?"

"कॅल्शियमची. कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिली होती ना मी?"

मी म्हणालो, "मागची बाजू भिंतीला आहे."

मी काय बोललो हे त्यांना कळलं नाही. मलाही ते हळूहळूच कळलं. मग त्यांनी मला बसवलं आणि पाणी दिलं. त्यांनी जे सांगितलं ते तू शिकलेली असशील, तरी लिहितो, कारण ते शब्द माझ्या कानातून जात नाहीत. नुसत्या मांसात चुना नसतो. पिल्लाचं हाड वाढायला चुना लागतो. तो ताटलीतून मिळाला नाही की शरीर तो स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. गल्लीतली कुत्री उकिरड्यावरची हाडं चघळतात, त्यांना हे सहसा होत नाही. हे होतं ते कुणी तरी जपून, निवडून, हाडं काढून घातलेल्या मांसाने. "पाच महिने याचं अंग याचीच हाडं खात होतं," ते म्हणाले. रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर प्लास्टर होईपर्यंत मी बाकावर बसून होतो आणि मला एकेक आठवायला लागलं. जुलैत बोक्याने खाटेवर उडी मारणं बंद केलं. मी वहीत लिहिलं आहे, ‘आज उड्या नाहीत. शहाणा झाला.’ ऑगस्टमध्ये त्याचे पुढचे पाय थोडे बाहेर वळायला लागले. मला वाटलं चालण्याची ढब आहे. उचलताना ओरडायचा, मला वाटलं लाडावलाय. वजन वाढलं असेल म्हणून मी भात कमी केला. एकदा काकूंनी वरून एक मोठं हाड टाकलं. मी ते त्याच्या तोंडातून ओढून काढलं आणि काकूंशी भांडलो. काकू म्हणाल्या, अरे, कुत्रं आहे ते, जावई नाही. मी त्यांच्याशी आठ दिवस बोललो नाही.

आणि भिंत. हे लिहायला हात होत नाही. सप्टेंबरपासून तो मोरीजवळची भिंत चाटायचा. चुन्याची भिंत, पोपडे आलेली. आधी चाटायचा, मग दातांनी खरवडायचा. मी त्याला रागावलो. ऐकेना, तेव्हा एका रविवारी दुकानातून तेलरंग आणला आणि जमिनीपासून दोन हातांपर्यंत सगळी भिंत रंगवून काढली. दोन हात दिले रंगाचे. त्याच्या जिभेला चुना लागू नये म्हणून. ताई, तो मागत होता. त्याला जेवढं मागता येत होतं तेवढं त्याने मागितलं, आणि मी त्यावर रंग फासला. त्या संध्याकाळी वहीत लिहिलं आहे, ‘भिंतीचा बंदोबस्त केला.’

साडेअकराला त्याला घरी आणलं. खोक्यात ठेवलं. मग मी पाणी उकळलं, फडकं बुडवून फरशीवरच्या कागदावर धरलं आणि पात्याने एक कोपरा उचलला. पाऊण तास लागला. कागद तीन तुकड्यांत निघाला. मागे गोंदाने तपकिरी झालं होतं, पण शाई शाबूत होती. डॉक्टरांच्याच अक्षरात लिहिलं होतं, की कॅल्शियमची पावडर प्रत्येक जेवणात, वजन वाढेल तशी वाढवायची, नाही मिळाली तर अंड्याची कवचं वाळवून बारीक दळून. आणि खाली, दोन रेघा ओढून, ‘याशिवाय घरचं जेवण घालू नये.’ मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यात चुकलेला उकार एकही नव्हता.

कंपाउंडर निघताना म्हणाला होता, चूक साहेबांची आहे, मागे लिहिलं तर समोर बाण काढायला नको का. काकू म्हणाल्या, असतं एकेकाचं नशीब, पिल्लूच नाजूक होतं. मालक म्हणाले, कुत्रं आहे, जोडलं जाईल, तू दोन दिवस सुट्टी घे. सगळ्यांनी मला वाट काढून दिली. त्यातली कुठलीही धरली असती तरी चाललं असतं. पण साडेबाराला तुझा फोन आला तेव्हा कागदाचे तुकडे माझ्या हातात होते, ओले. तू वॉर्डातून बोलत होतीस, मागे कुणीतरी तुला हाका मारत होतं. बोक्याचा पाय मोडला एवढं मी सांगितलं, आणि तू विचारलंस, कसं झालं रे. मी म्हणालो, दूधवाल्याची सायकल पडली त्याच्यावर. मी ठरवून म्हणालो नाही. पण म्हणालो मीच, आणि पूर्ण वाक्य म्हणालो. तू मला घरच्या नावाने हाक मारून म्हणालीस, "तुझ्या हातून काही झालं नाही ना, मग झालं. तू रडू नकोस, पावशेर." मी रडत नव्हतो. तुला तसं वाटलं, आणि मी तुला तसं वाटू दिलं.

डेअरीचा नंबर बाटलीच्या झाकणावर असतो, हे मला सुचायला हवं होतं. तू गप्प बसणाऱ्यातली नाहीस, हेही. शुक्रवारी सकाळी दुसराच दूधवाला आला, चोवीस-पंचवीसचा, कानात गाणी घातलेला. मी विचारलं, आधीचे कुठे आहेत. तो म्हणाला, त्यांना लाइनवरून काढलं, तक्रार आली होती, हॉस्पिटलमधल्या कुणी बाई होत्या, फार कडक बोलल्या म्हणे. मग त्याने दाराचा नंबर बघितला आणि म्हणाला, अरे, इथूनच ना? काकू जिन्यात उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, सात वर्षं तो माणूस इथे येतोय, बाटली खाली ठेवताना आवाज करायचा नाही, मी झोपलेली असते म्हणून. तू स्वतः पाहिलंस ना रे सायकल पडताना? मी हो म्हणालो. सायकल पडताना मी पाहिली होतीच. असं मी स्वतःला सांगितलं, ताई. शब्दाला शब्द बरोबर होता.

काल, शनिवारी, सकाळी दहाला ते स्वतः आले. चालत आले, सायकल डेअरीची असते. स्वच्छ धुतलेला शर्ट घातला होता. मी त्यांना नेहमी पहाटेच बघतो, टोपी आणि स्वेटरमध्ये, त्यामुळे आधी ओळखलंच नाही. साठीला आलेले आहेत, हे मला काल कळलं. त्यांनी विचारलं, आत येऊ का, त्याला बघायचंय. खोक्याशेजारी जमिनीवर बसले. बोक्याने मान उचलून त्यांचा हात चाटला. त्यांच्या हाताला दुधाचा वास येत असणार, इतक्या वर्षांचा. मला वाटलं, आता हे भांडतील, डेअरीत चल आणि खरं सांग म्हणतील. मी तयार होतो. भांडले असते तर माझ्या तोंडून निघालं असतं.

ते म्हणाले, "दादा, मी पाठमोरा होतो. स्टँड नीट लावलं होतं असंच मला वाटत होतं. रात्रभर आठवत बसलो. आता वाटतं, नसेल लावलं."

मी खोक्यातलं फडकं सारखं करत राहिलो.

"तुम्ही काट्याची माणसं. तुम्ही सांगितलं म्हणजे ते तसंच असणार."

मग त्यांनी खिशातून सहाशे काढून टेबलावर ठेवले. म्हणाले, प्लास्टरला जास्त लागले असतील, पण आत्ता एवढेच आहेत, बाकी थोडे थोडे देईन, ताईंना म्हणावं राग धरू नका. आणि पिशवीतून एक दुधाची बाटली काढली. डेअरीची नाही, विकत घेतलेली. हाडांना चांगलं असतं म्हणाले. मी दारापर्यंत त्यांच्या मागे गेलो. पायरी उतरताना त्यांनी वाकून बोक्याची पायरी बघितली, सायकल लावायची ती भिंत बघितली, आणि मान हलवली, स्वतःवरच. ते कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर मला हाक मारता आली असती. पन्नास पावलं होती. मी मोजली.

मी खोटं बोललो हे मला गुरुवारपासून माहीत होतं. पण एखादा माणूस आपल्या डोळ्यांना, हातांना, सात वर्षांच्या सवयीला खोटं ठरवून माझ्या खोट्याची भरपाई माझ्याच टेबलावर ठेवून जाईल, हे मला माहीत नव्हतं. कालपासून माझ्या हातून काही धड होत नाही. आज बोक्याचं जेवण तोलायला काटा काढला आणि समोर उभा राहिलो. काटा शून्यावर होता. मला आधी काय ठेवायचं तेच आठवेना. शेवटी डॉक्टरांचा नवा कागद वाचत वाचत केलं. हा कागद मी चिकटवलेला नाही, दोरीला टांगला आहे, आणि दोन्ही बाजू दिवसातून कितीतरी वेळा बघतो. बोका खातो नीट. पावडर घातलेलं सगळं चाटून पुसून खातो. डॉक्टर म्हणतात, हाड भरेल, वय लहान आहे. पुढचे पाय थोडे वाकडे राहतील. चालेल बहुधा. धावण्याचं मी विचारलं, तर म्हणाले, ते आत्ता विचारू नका.

तो तुझा आहे. त्याला माझ्याकडे ठेवायचा की दुसरी सोय करायची, हे तू ठरव, मी एका शब्दाने अडवणार नाही. तुझा राग काढ, डिसेंबरात आलीस की माझ्याशी बोलू नकोस, ‘माझा भाऊ सावकाश करतो पण चुकत नाही’ हे पुन्हा कुणाला सांगू नकोस. पण ते सगळं नंतर. काल दुपारी मी तक्रार मागे घ्यायला डेअरीत गेलो होतो. तिथला मुकादम म्हणाला, तक्रार ज्यांनी केली त्यांनीच मागे घ्यायला हवी, तुम्ही कोण, तुम्ही तर मघाशी त्यांचे पैसे घेतलेत. दूधवाल्यांनी त्याला ते सांगून ठेवलं होतं, आपण भरपाई करून आलो म्हणून, त्यांना वाटलं त्याने नोकरी परत मिळेल. तेव्हा ताई, हे पत्र मी माफी मागायला लिहिलेलं नाही. माफीचं पत्र वेगळं लिहीन, तू वाचणार असशील तर. हे एवढ्यासाठी लिहिलं, की इथपर्यंत वाचून झालं की जेवायला बसायच्या आधी, माझ्यावर रागवायच्याही आधी, तू डेअरीला फोन करावास आणि सांगावंस, की सायकल पडण्याआधीच कुत्र्याचा पाय मोडला होता, की तो मोडण्याचं कारण माझा भाऊ आहे, आणि हे त्याने सही करून लिहून दिलं आहे. मुकादमाने मागितलं तर हे पत्र दाखव, सगळं दाखवलंस तरी चालेल. मी आज संध्याकाळी तुझा फोन झाला की दूधवाल्यांच्या घरी जाणार आहे. काकूंकडून पत्ता घेतला आहे, आणि पत्ता घेताना काकूंना खरं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

तुझाच,
पावशेर

खाली हिशेब देतो. तू पाठवलेल्या पैशातून यातलं काही घेतलेलं नाही.

झालेला खर्च: डॉक्टरांची फी ४००. पायाचे फोटो ९००. प्लास्टरपैकी भरले ८००. पावडर २६०. जाण्यायेण्याचं भाडं १८०. एकूण २५४०.

देणं: डॉक्टरांना प्लास्टरचे राहिलेले ७००. दूधवाल्यांना त्यांचे ६०० परत. त्यांनी आणलेल्या दुधाचे ४८. फुटलेल्या दोन बाटल्यांचे ९६, ते डेअरीने त्यांच्याकडून कापून घेतले. शुक्रवारपासूनचा त्यांचा रोज: किती ते माहीत नाही, आज विचारीन. आकड्याची जागा मोकळी ठेवली आहे.